ठोकल्यावर सरकलेली रेघ

"झाकण लाव, गरम कर, ठोकून बघ. मगच हो म्हण." तिला काम शिकवणारे सर जाऊन बरीच वर्षं झाली, पण फिल्टर हाती घेतला की त्यांचा मऊ आवाज कानाशी येई.

आज तो आवाज थांबेना. तळहातावर मावणारी ती फिल्टरची धातूची डबी तिनेच आखलेली. विमानाची जमिनीपासूनची उंची मोजणाऱ्या यंत्राला फक्त त्याच्याच लहरी ऐकू द्यायच्या, शेजारच्या मोबाइल टॉवरच्या अडवायच्या. डबीतले स्क्रू फिरवून हे जुळवायचं, मग नट आवळून पक्कं करायचं. यंदा वजन कमी करायच्या नादात तिनेच नट काढून स्क्रू गोंदाने बसवले. गारेगार प्रयोगशाळेत सगळं झकास आलं. घाईत, न ठोकताच तिने हो म्हटलं. पहिली डबी विमानात बसलीसुद्धा. ते विमान आज संध्याकाळी तिचा धाकटा भाऊ उडवणार होता.

सकाळीच भावजयीचा फोन आला होता. "वन्सं, काही वाकडं दिसलं तर यांना उडू देऊ नका हं."

"नाही देणार. शब्द दिला," ती हसून म्हणाली होती.

आता तिने दुसरी डबी तापवली आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हळूच ठोकली. डबी कुठल्या लहरी आत सोडते ते दाखवणारी पडद्यावरची रेघ चटकन बाजूला सरकली. परत आलीच नाही.

"अगं, रेघ बोटभर सरकली म्हणून आभाळ कोसळतं का?" मागून पडद्याकडे बघत तिचे साहेब म्हणाले.

"आभाळ नाही साहेब, विमान कोसळेल. यंत्र टॉवरचं ऐकून भलतीच उंची सांगेल."

"राईचा पर्वत करू नकोस. सोमवारी बघू."

खिडकीबाहेर धुकं दाटत होतं. समोरची इमारत गिळून ते आता फाटकापाशी आलं होतं.

भावाचा फोन बंद होता. धावपट्टीवरचा मेकॅनिक फोनवर म्हणाला, "ताई, तुमच्या साहेबांनी सांगितलं तरच विमान थांबवता येईल."

तिने साहेबांकडे फोन धरला. त्यांनी चष्मा पुसायला घेतला.

"बरं," ती एवढंच म्हणाली. अजून कोमट असलेली डबी तिने रुमालात गुंडाळली, क्षणभर डोळे मिटून हात जोडले, आणि कुणाला न सांगता जिना उतरून धुक्यात धावपट्टीच्या रस्त्याला लागली.