पुढची कुस्ती

मंजुषाला टीव्हीवरची कुस्ती आवडते, हे दिंद्रुडला तिच्या सासरी कुणाला सांगूनही खरं वाटलं नसतं. ती बी-बियाणांच्या दुकानदाराची बायको आणि भगवानरावांसारख्या वजनदार माणसाची थोरली सून. चार माणसांत तिचा डोक्यावरचा पदर कधी ढळत नसे. पण रविवारी दुपारी जेवणं आटोपली की ती माडीवर जाऊन धर्मापुरीला धाकट्या भावाला, रविराजला, फोन लावायची आणि मग दोघं पोटभर भांडायचे. शेताचं, वाटणीचं काही नसायचं त्यात. ब्रेट हार्ट मोठा की ओवेन हार्ट, एवढंच.

हे भांडण लहानपणापासूनचं. गावातल्या नाथानं धर्मापुरीत डिशची छत्री बसवून घरोघर केबल ओढली तेव्हा मंजुषा आठवीत होती, रविराज पाचवीत. अमेरिकेतल्या कुस्त्या लागल्या की आई, चंद्रभागाबाई, स्वयंपाकघरातून ओरडायची, "ती उघडी माणसं बंद करा आधी!" गावातले जुने पैलवान ओट्यावर बसून हसायचे. सगळं खोटं आहे, ठरवून खेळतात, म्हणायचे. ते रविराजलाही कळत होतं. "ठरवून तर ठरवून," तो वर्गातल्या पोरांना सांगायचा, "पण पडतंय तर खरंच की बे माणूस!"

पडणं हेच रविराजचं माप. मारायला कुणालाही येतं, ज्याला पडता येतं तो खरा, असं त्याचं मत. अंडरटेकरला अख्खी शाळा घाबरायची, पण रविराज म्हणायचा की त्याला मोठं केलं ते त्याच्या हातून पडणाऱ्यांनी. त्याच्याशी लढताना मॅनकाइंड रिंगभोवतीच्या पिंजऱ्याच्या माथ्यावरून खाली टेबलावर आदळला नसता तर ती कुस्ती कुणाच्या ध्यानात राहिली असती? शॉन मायकल्सला तो नौटंकी म्हणायचा आणि त्याच दमात सांगायचा की त्याच्यासारखं पडणारा अजून जन्माला यायचाय.

मंजुषाला हे पटायचं नाही. तिला ब्रेट हार्ट आवडायचा. गुलाबी-काळा पोशाख, ओले केस आणि चेहऱ्यावर फारसं काही नाही. तो उगाच आरडाओरडा करत नसे. समोरच्याचा पाय दुखावला असेल तर शेवटपर्यंत त्या पायाचाच पिच्छा पुरवायचा. "सुतारासारखं काम हाय त्याचं," ती म्हणायची. "एक खिळा वाया जात न्हाई." रिक फ्लेअरच्या निरोपाच्या कुस्तीत शेवटची लाथ मारण्याआधी शॉन मायकल्स त्याच्याकडे बघत काहीतरी पुटपुटतो, ते बघून रविराज चांगल्या मोठ्या वयात रडला होता. मंजुषा फोनवर हसली होती. "ॲक्टिंगला रडतोस व्हय रे?" तर म्हणाला, "आक्का, ॲक्टिंग करतानाबी माणूस म्हातारा व्हतोच की."

एका कुस्तीवर मात्र दोघांचं एकमत. चौऱ्याण्णव सालच्या रेसलमेनियातली पहिली, ब्रेट आणि ओवेन या सख्ख्या भावांची. रक्त नाही, खुर्च्यांची मारामारी नाही, बाहेरचा कुणी मधे पडत नाही. थोरला भाऊ धाकट्याच्या खांद्यावर चढून कोलांटी घ्यायला जातो आणि धाकटा नुसता खाली बसतो. तेवढ्यानं थोरल्याची पाठ टेकते. पुढं त्याच रात्री थोरला दुसरी कुस्ती मारून विजेतेपदाचा पट्टा घेतो, बाकीचे त्याला खांद्यावर उचलतात, आणि धाकटा येऊन लांबून बघत राहतो. "सकाळी जिंकल्यालं माणूस कसं हरल्यागत हुबं हाय बघ," रविराज म्हणायचा. सकाळ नव्हती ती, पण तो सकाळच म्हणायचा.

नव्व्याण्णवच्या उन्हाळ्यात ओवेन हार्ट मेला. छताजवळून दोरीला लटकून त्याला रिंगमध्ये उतरायचं होतं. तो वरूनच सुटला. त्याला उचलून नेलं आणि कार्यक्रम पुढं चालू ठेवला. त्याच रिंगमध्ये पुढची कुस्ती झाली. बहीण-भाऊ भांडायचे ते खरं तर यावरून.

"बंद करायला पाहिजे हुतं," मंजुषा म्हणायची. "माणूस गेला अन् ह्यांना कुस्ती सुचती?"

"बंद करून ओवेन उठून बसला असता का? लोकं आलती, आक्का. कुठून कुठून आलती."

"लोकांचं काय घिऊन बसलास! त्याच जागी पुढच्यानं पाय कसा ठिवला असंल?"

"ठिवावा लागतो," रविराज म्हणायचा. मग तो पीकपाण्याचं काढायचा.

मंजुषाच्या लेकीचं, प्रियदर्शनीचं लग्न गेल्या डिसेंबरात झालं. दिंद्रुडच्या बाहेरचं मंगल कार्यालय घेतलं होतं. भगवानरावांच्या घरचं कार्य म्हणजे तालुका लोटणार हे ठरलेलंच. रविराजची बायको मनिषा, दोन्ही लेकरं आणि चंद्रभागाबाई हळदीलाच आले होते. घरची गाय व्यायला झाली होती म्हणून रविराज मागं थांबला. लग्नाच्या दिवशी सकाळी मोटारसायकलवर निघाला. नवरीच्या पाठीशी मामा उभा राहायला हवा, त्यासाठी त्यानं पांढरा सदरा नवा शिवला होता, आणि तो चुरगळू नये म्हणून पिशवीत घालून आणत होता, असं नंतर मनिषानं सांगितलं.

दुपारी मुहूर्ताच्या थोडं आधी मंजुषाच्या नवऱ्यानं, रामेश्वरनं, तिला कोठीच्या खोलीत बोलावून घेतलं. आत तांदळाची पोती, तेलाचे डबे आणि मधोमध भगवानराव उभे होते. रामेश्वरनं दार लावलं. "मंजुषा," तो म्हणाला आणि वडिलांकडे बघायला लागला.

भगवानरावांनीच सांगितलं. "सिरसाळ्याच्या पुढं टेम्पोनं उडवलं रविराजला. दवाखान्यात नेईपर्यंत जीव न्हवता. गेला, पोरी. आपली माणसं तिथंच हायत."

मंजुषाला ऐकू आलं. शब्दनशब्द ऐकू आला. बाहेर स्पीकरवर सनई चालली होती, तीही ऐकू येत होती.

"मुहूर्त जवळ आलाय," भगवानराव म्हणाले. "थांबवायचं तर आत्ता थांबवू, पाहुण्यांना मी सांगतो. उरकायचं तर उरकू. अक्षता पडल्या की तुझ्या आईला आन् मनिषाला सांगू. भाऊ तुझा हाय. तू म्हणशील तसं."

त्या घरात तिला आजवर कुणी असं विचारलं नव्हतं. लेकीचं स्थळ ठरवतानाही नाही.

"उरका," मंजुषा म्हणाली.

रामेश्वर तिच्याकडे बघत राहिला. ती वळली. दाराशी तेलाच्या एका डब्याचं झाकण नीट बसलेलं नव्हतं, ते तिनं दाबून बसवलं आणि बाहेर आली.

मंडपात मनिषा धाकट्याच्या शर्टाची बटणं लावत होती. मंजुषा तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"मनिषा, तू जेवून घे."

"आत्ताच? अजून अक्षता पडायच्यात, ताई."

"मागून गर्दी व्हती. लेकरांना घिऊन बस. ये."

तिनं स्वतः ताट केलं. पुऱ्या, वांग्याची भाजी, वरण-भात, बुंदी. समोर बसून वाढत राहिली. मनिषानं हात आडवा धरला तरी आणखी एक पुरी ठेवली. "खा," म्हणाली. इथून पुढं मनिषाच्या पोटात अन्न जायचं नाही, एवढा एकच विचार तिच्या डोक्यात होता, आणि तोही हवा-पाण्यासारखा साधा.

"ह्यांचा फोन लागंना कावून की," मनिषा म्हणाली.

"तिकडं रेंज नसती."

प्रियदर्शनीनं बोहल्याकडे निघताना विचारलं, "आई, मामा?" गाडी पंक्चर झाली, असं मंजुषानं सांगितलं. आपल्या चुलतभावाला, अजिनाथला, पुढं केलं. त्या बिचाऱ्याला काही ठाऊक नव्हतं. मान मिळाला म्हणून तो खुशीत फेटा बांधून नवरीच्या पाठीशी उभा राहिला. मंगलाष्टकं झाली. मंजुषानं प्रत्येक वेळी अक्षता टाकल्या. हात वर जात होता, रिकामा होऊन खाली येत होता. व्हिडिओवाल्यानं तिला जरा हसायला सांगितलं तर ती हसलीही. ते व्हिडिओत आहे.

पुढचं जे व्हायचं ते झालं. चंद्रभागाबाईंचा आवाज कार्यालयाच्या फाटकापर्यंत गेला. बँडवाले वाद्यं गुंडाळून निघून गेले. नवरीला गाडीत बसवलं तोवर तिला कळलं होतं, आणि ती आईकडे न बघता गाडीत बसली. दिवस मावळायच्या आत धर्मापुरीला रविराजला अग्नी दिला. बायका मंजुषाला म्हणत होत्या, रड गं, मोकळी हो. तिला रडू येत नव्हतं. चेहऱ्याला काहीतरी बांधून ठेवल्यासारखं वाटत होतं, जसं दाढ काढताना डॉक्टरनं सुई मारल्यावर वाटतं.

मनिषा तिच्याशी बोलली ती चौथ्या-पाचव्या दिवशी, भरल्या घरात, सगळ्यांसमोर.

"मला जेवू घातलं तवा तुमाला म्हाईत हुतं."

"होय," मंजुषा म्हणाली.

"बुंदी वाढली तुमी मला. दोनदा वाढली."

"होय."

मनिषा भिंतीकडे तोंड करून बसली. दहावं, तेरावं होऊन मंजुषा दिंद्रुडला परतली तरी तिनं पुन्हा तोंड वळवलं नाही.

रविवार आला की मंजुषा सवयीनं माडीवर जायची. फोन हातात असायचा. एकदा तिनं त्या दोन भावांची कुस्ती लावली. शेवटपर्यंत बघितली. काही वाटलं नाही. एवढंच दिसलं की ब्रेटचा गुडघा दुखावल्यावर तो लंगडतो ते अगदी बरोबर लंगडतो.

मग एकदा तिनं ती दुसरी शोधली, ओवेन पडला त्यानंतरची. आजवर ती बघणार नाही म्हणून हट्ट धरून बसली होती. कुणीतरी टीव्हीवरून उतरवून घेतलेलं अस्पष्ट चित्र सापडलं. माणसं रिंगमध्ये आली. एकानं धरलं, दुसरा पडला. पडलेला उठला. दोरीला धडकून परत आला. त्यांना ती सगळं आयुष्य निर्लज्ज म्हणत आली होती. आता तिला ते निर्लज्ज वाटले नाहीत, आणि शहाणेही वाटले नाहीत. ते पुढचा डाव करत होते, तो झाला की त्याच्या पुढचा. तिनं फोन बंद केला आणि खाली जाऊन डाळ शिजायला घातली.

जानेवारीत मनिषाचा फोन आला. तिनं ख्यालीखुशाली विचारली नाही. "कापूस फुटून गळायला लागलाय. वेचायला बाया न्हाईत, सगळ्या ऊसतोडीला कारखान्याकडं गेल्यात," एवढंच म्हणाली. मंजुषा दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं धर्मापुरीला गेली. रामेश्वर गाडी काढतो म्हणत होता, तिनं नको म्हटलं.

दोघी शेजारशेजारच्या ओळीत वेचायला लागल्या. पोटाला ओटी बांधलेली, डोक्याला रुमाल. बराच वेळ बोंडातून कापूस ओढल्याचा आवाज तेवढा येत होता. मग मनिषानंच विचारलं.

"ते तुमच्यासंगं रविवारी काय भांडायचे हो? मला हाकलून द्यायचे खोलीतनं."

मंजुषानं सांगितलं. ओवेन कोण, ब्रेट कोण, तो कसा पडला, कार्यक्रम कसा चालू ठेवला. सांगता सांगता ओळ संपली, दुसरी सुरू झाली.

"मंग तुमचं काय म्हणणं हुतं?"

"थांबवायला पाहिजे हुतं, हे माझं."

"आन् ह्यांचं?"

"चालू ठिवावं."

मनिषा वाकलेली सरळ झाली. "म्हंजी लग्नात तुमी ह्यांचं ऐकलं."

"न्हाई," मंजुषा म्हणाली. "तवा मला त्यातलं कायबी आठवलं न्हाई. तो आठवला न्हाई, कुस्ती आठवली न्हाई. भगवानआबांनी इचारलं आन् मी उरका म्हणाले."

मनिषा पुन्हा वेचायला लागली. तिचा हात मंजुषापेक्षा भरभर चालत होता.

"मला सांगितलं असतं तर मी मांडव डोक्यावर घेतला असता," थोड्या वेळानं ती म्हणाली.

"म्हाईत हाय."

"घिऊ द्यायचा हुता, ताई."

"होय," मंजुषा म्हणाली. "द्यायचा हुता."

बोंडांची वाळकी टोकं बोटांना टोचत होती. मंजुषाच्या अंगठ्यातून रक्त आलं होतं, ते कापसाला लागू नये म्हणून तिनं तो पदराला पुसला. ऊन कलल्यावर मनिषानं ओटी सोडून कापूस गाठोड्यात दाबला, गाठ मारली आणि गाठोडं उचलायला मंजुषाला हाक मारली. दोघींनी दोन्ही बाजूंनी धरून ते बांधावर नेलं.

"उद्या ऱ्हाता का?" मनिषानं विचारलं.

"ऱ्हाते."

"उद्या वरच्या तुकड्यात हाय. तिथली बोंडं बारीक हायत, वेळ लागतो."

"लागू दे," मंजुषा म्हणाली.