तोंडानं सांगा

गोरव्यातल्या त्या मोटर कारखान्यात कॅमेरे बसले तेव्हा पेढे वाटले होते. कोण किती काम करतं ते आता एआय सांगणार, रोजची कटकट संपली, असं गुजराती मालक पीयूषशेठ मोठ्या हौसेनं म्हणाले. संपली ती त्यांची. एचआर सांभाळणाऱ्या अवंतीची त्याच दिवशी सुरू झाली.

आज तिच्या स्क्रीनवर अहल्याबाईंचं नाव लाल झालं होतं. ‘बराच वेळ रिकामी. कामावरून कमी करावे.’ खाली दोन बटणं होती, सहमत आणि असहमत. शेवटचा निर्णय माणसाचाच हवा, असा परदेशी गिऱ्हाइकांचा आग्रह होता. म्हणून बोट अवंतीचं.

तिनं कुठलंच बटण दाबलं नाही. मोटरींच्या तारा गुंडाळणाऱ्या वाइंडिंग खात्यातल्या बायकांची जुनी रीत होती. नव्या मुलीला शिकवायचं तर शेजारी बसायचं आणि आपले हात मांडीवर ठेवायचे. तार तुटो, कॉइल बिघडो, मध्ये हात घालायचा नाही. नाहीतर पोरगी जन्मभर दुसऱ्याच्या हाताकडे बघत राहते. महिनाभर अहल्याबाई ओवी नावाच्या मुलीला अशाच शिकवत होत्या. कॅमेऱ्याला दिसले ते नुसते स्वस्थ हात.

अवंती आपला लॅपटॉप घेऊन तडक शेठच्या केबिनमध्ये गेली आणि तो त्यांच्या टेबलावर उघडा ठेवला.

“शिकवत होत्या त्या, पीयूषभाई. तुम्हालाही ठाऊक आहे.”

“ठाऊक आहे ने. पण सिस्टमचं ऐकायचंच नाही, तर बसवली कशाला? मी कुठे म्हणतोय? हुं नथी कहेतो, बेन, सिस्टम कहे छे.”

“मग बटणही सिस्टमलाच दाबू द्या.”

“ते तर तुम्हालाच दाबावं लागेल.”

हेच तिला डाचत होतं. विचार यंत्राचा, फायदा शेठचा आणि पाप तिच्या नावावर. वाटणी मोठी झकास होती.

ती बाहेर गेली, अहल्याबाईंना घेऊन आली आणि त्यांना शेठसमोरच्या खुर्चीत बसवलं.

“मावशी, शेठना तुमच्याशी बोलायचंय. बोला, पीयूषभाई.”

शेठनी पाण्याचा ग्लास उचलला, परत ठेवला. मग लॅपटॉप अहल्याबाईंकडे वळवू लागले. अवंतीनं तो मिटला.

“स्क्रीन नको. तोंडानं सांगा.”

“काय झालं, शेठ?” अहल्याबाईंनी विचारलं. “माझं काही चुकलं का?”

शेठ खिडकीबाहेर बघत राहिले.

“कंई नथी, बेन,” ते शेवटी पुटपुटले. “जाओ, काम करो.”

अहल्याबाईंच्या मागे दार लागलं आणि शेठचा आवाज परत आला. “असहमत दाबलंत, तर पुढच्या महिन्यात तुमचंही नाव लाल होईल, अवंतीबेन. मग मला बोल लावू नका.”

अवंतीनं लॅपटॉप उघडला, असहमत दाबलं आणि तो त्यांच्याकडे सरकवला.

“होऊ दे,” ती म्हणाली. “त्या दिवशी मीही याच खुर्चीत येऊन बसेन. आणि तुमच्या तोंडून ऐकल्याशिवाय उठणार नाही.”