मी सूटान, गिळला गेलेला शब्द

मी सूटान बोलतोय. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचा, कॉनेमाराचा एक शब्द. मला ना हात ना पाय. कुणाच्या तरी जिभेवर बसल्याशिवाय मला घराबाहेर पडता येत नाही.

लाट फुटून मागे फिरते तेव्हा किनाऱ्यावरचे गोटे घरंगळवत जी ओढ घेते, ती ओढ म्हणजे मी. कधी वारा पडलेला असतो, पाणी सपाट दिसतं, आणि तरीही गोट्यांची लांबलचक खरखर ऐकू येते. दूर कुठेतरी वादळ झालेलं असतं आणि त्याची लाट निघालेली असते. अशा दिवशी दारातून कुणी नुसतं माझं नाव घेतलं, की खडकांवरची माणसं हातातलं टाकून वर यायची. कारण कुणी विचारत नसे.

मी वाढलो बायकांच्या तोंडी. लौरास कोळ्याची बायको नापला तर मला स्वयंपाकघरातही वापरायची. गुत्त्याकडे वळणाऱ्या दिराला म्हणायची, "तुझ्या खिशाला सूटान लागलाय रे." किनाऱ्यावरच्या गोट्यांत खेळणाऱ्या लेकीला, सोर्खाला, तिने एकदा माझं नाव घेत केसांना धरून फरफटत वर आणलं होतं. नापला गेली आणि माझं निम्मं आयुष्य तिच्याबरोबर गेलं.

सोर्खाने डब्लिनच्या डेक्लनशी लग्न केलं. गुणी जावई, फक्त आमची आयरिश भाषा त्याला येत नव्हती. आणि आमच्या गावाची एक रीत आहे. घरभर माणसं आयरिश बोलत असली आणि ती न कळणारं एकच माणूस आत आलं, तरी सगळे इंग्रजीवर येतात. पाहुण्याच्या डोक्यावरून बोलणं म्हणजे उद्धटपणा. मलाही या रीतीचा अभिमान वाटायचा. किती सभ्य माणसं आपली, असं वाटायचं.

एका एप्रिलमध्ये दोघं तिच्या माहेरी आली. लौरासची छाती कफाने भरली होती. खोकल्यावर दुधात उकळून देतात ते कॅरागीन नावाचं शेवाळ उधाणाच्या मोठ्या ओहोटीलाच हाताला लागतं, आणि ओहोटी दुसऱ्या दिवशी होती. सकाळी मी आणतो, असं डेक्लनने परस्पर ठरवून टाकलं. संध्याकाळी लौरास चुलीसाठी सरपण आणायला अंगणात गेला, तेव्हा गोट्यांची खरखर त्याच्या कानी पडली. तो आत आला तो मला जिभेवर घेऊनच.

टेबलाशी जावई बसला होता. लौरासने त्याच्याकडे पाहिलं आणि मला गिळलं. माझ्या जागी बसेल असा इंग्रजी शब्द त्याला सापडेना.

"समुद्र जरा खेचतोय," तो म्हणाला. "उद्या जपून जा."

"पोहायला थोडाच चाललोय, लौरास? गुडघाभर तर पाणी. आणि बाहेर बघा की, किती शांत आहे."

सोर्खा हसली. "बाबांना जावयाची नाही, कॅरागीनची काळजी आहे."

तिने मला ऐकलं असतं, तर तिच्या हातातली किटली जागच्या जागी थांबली असती. मी लौरासच्या घशात ओरडत होतो. त्याने वरून चहा ओतला.

सकाळी पाणी खरंच गुडघाभर होतं. आलेली लाटही मोठी नव्हती. तिची परतीची ओढ मोठी होती. दुपारी डेक्लनची पिशवी सापडली, शेवाळाने भरलेली. तो नंतर सापडला.

अंत्यदर्शनाला गाव लौरासच्या स्वयंपाकघरात जमलं. कोपऱ्याकोपऱ्यात माझंच नाव चाललं होतं. सूटान होता, सूटान होता. तेवढ्यात डेक्लनची आई, ऑड्री, डब्लिनहून आली आणि सगळे एकदम इंग्रजीवर आले. लाट आली, म्हणाले, नशीब. मी पुन्हा नाहीसा झालो.

ऑड्री लौराससमोर बसली. "मी आत आले तेव्हा तुम्ही सगळे एकच शब्द बोलत होतात. कोणता?"

लौरासने मला उच्चारलं. परक्या माणसादेखत, जन्मात पहिल्यांदा. मग अर्थ सांगितला.

"माझ्या मुलाला तो कळला नसता," ती म्हणाली. "पण त्याने विचारलं असतं. लहानपणापासून तो सगळं विचारायचा."

आता लौरासच्या घरात माझं नाव कुणी काढत नाही. खाली परक्या पाहुण्यांची मुलं गोट्यांत खेळतात, पाणी सपाट असतं, खरखर चालू असते, आणि वरून कुणी हाक देत नाही. मला मात्र सगळं दिसत असतं. माझ्यावर एवढी दया करा. ज्याला मी कळत नाही, त्याच्यासमोरच मला आधी उच्चारा. अर्थ मागाहून सांगता येईल.