तिसऱ्या चाळीचा वास

लासलगावच्या शेठच्या, कांदा साठवायच्या बांबूच्या चाळी देवराम वीस वर्षं सांभाळत होता. चाळीत कांदा आतून सडायला लागला की बाहेरून काही दिसत नाही, फक्त वास येतो. तो सगळ्यांच्या आधी देवरामला यायचा. पण २००१ साली त्याचं नाक चोंदलं ते चोंदलंच. कपाळ ठणकायचं, घशात घाण उतरायची. २००३ च्या पावसाळ्यात अर्धी चाळ सडली तरी त्याला पत्ता नाही.

शेठ म्हणाले, "पुढच्या पावसाळ्यात परत असं झालं, तर चाळी गोटीराम हमालाकडे देईन."

देवराम नाशिकला गेला. डॉक्टरीणबाईंनी त्याच्या नाकाचा फोटो उजेडावर धरला.

"नाकातला पडदा जन्मापासून वाकडा आहे, म्हणून सायनसची वाट आधीच अरुंद. त्यात टरफलांची धूळ, ट्रॅक्टरचा धूर. आत सूज आली, वाट बुजली. फडकं बांधत नाही का?"

"बांधतो ना. तोंडाला."

"आणि नाकाला?"

"ते बंदच हाय बाई. झाकून काय करू?"

बाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

वैशाखात ऑपरेशन झालं. देवराम रोज मिठाच्या पाण्यानं नाक धुवायचा आणि कांदा फोडून हुंगायचा. काही नाही. आषाढात एका सकाळी तो तिसऱ्या चाळीजवळून जाताना थबकला. पुन्हा श्वास घेतला. त्यानं शेठना हाक मारली. शेठ आले, मागोमाग गोटीरामही.

"शेठ, ही चाळ फोडा. मधोमध, कमरेखाली."

"कांदा तर खणखणीत दिसतोय," गोटीराम म्हणाला. "देवरामभाऊ, नाकाबरोबर डोकं बी कापलं का?"

देवरामनं स्वतःच बांबूच्या पट्ट्या सरकवल्या आणि कोपरापर्यंत हात घातला. हात बाहेर आला तो चिकट पाण्यानं निथळत. तो त्यानं आधी स्वतः हुंगला, मग गोटीरामच्या नाकाखाली धरला. गोटीराम ओकारी दाबत चार पावलं मागं गेला. देवराम हसत होता, हसता हसता डोळे पुसत होता, तेही त्याच हातानं.

शेठनी चाळ उपसायला माणसं बोलावली आणि देवरामला म्हणाले, "आजपासून दिवसभर इथंच थांब."

"नाय शेठ. दिवसा ह्या धुरळ्यात नाक उघडं ठेवलं तर परत बुजंल. रोज सकाळी कांद्याच्या लिलावाच्या आधी, ट्रॅक्टर यायच्या आत वास घेईन. मग नाक बांधून काम."

शेठनी होकारार्थी मान हलवली. "आणि गोटीरामचं काय करू?"

"राहू द्या की. मी दाखवीन तिथं खणायला माणूस लागंल."