जब्बारचा खांदा अन् माझा गुडघा

जब्बारचा खांदा दुखला अन् माझ्या पोटात दुखायला लागलं. खोटं कशाला बोलू?

औरंगपुऱ्यातल्या आमच्या तालमीचे वस्ताद म्हंजे कारभारी पहिलवान, माझा सख्खा बा. गडी एकमेकांची मालिश करायचे, बा नुसता काठी टेकून बघायचा. पण मेहनतीनं एखाद्याचं अंग धरलं, दुखायला लागलं, तर तेलाची वाटी तो सोता हातात घ्यायचा. मग त्या गड्याची तालमीत काय इज्जत वाढायची म्हणता! मी पोटचा पोरगा, पण तो हात माझ्या अंगाला कधी लागला नाय.

अन् हा जब्बार, करमाडचा, काल आलेला. एक दिवस जड लाकडी मुदगल फिरवता फिरवता थांबला.

"वस्ताद, हात वर नेला की खांद्यात चमक येतीय."

चमक येतीय म्हणं. लोक अशी चमक घेऊन रानं नांगरतेत.

बानं त्याचं मुदगल बंद केलं. नुसतं चालायचं, हलक्या बैठका मारायच्या, अन् रोज संध्याकाळी बापुढं बसून कोमट तेलानं खांदा चोळून घ्यायचा. खुलताबादचा उरूस तोंडावर आला होता. तिथल्या कुस्त्यांत सुभेदारसाहेबासमोर आमच्या तालमीचा एकच गडी उतरणार होता, अन् हा पठ्ठ्या नवरीवाणी हळद-तेल लावून बसलेला. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

मग मी बी ठरवलं, आपलं बी अंग धरू द्या. बैठका दुप्पट केल्या. सगळे गेले की पुन्हा मारायचो. गुडघ्यात कळ यायला लागली, पायरी चढताना पाय अडकायला लागला. मला तर आनंदच झाला. पण लगेच सांगितलं नाय. एवढ्याशा दुखण्याला कोण तेलाची वाटी उचलतंय? चांगला सुजू दिला. उठता-बसता येईना, तवा लंगडत बापुढं गेलो.

बानं वाकून गुडघा नुसता बघितला.

"कवापासून दुखतंय?"

"लई दिस झाले."

"अन् बैठका?"

"वाढवल्या."

बा काठीवर जोर देत सरळ झाला. मग म्हणला, "त्यानं पहिल्याच दिशी सांगितलं, म्हणून त्याचा खांदा सुधारला. तू दुखणं पाळलंस. उरसात जब्बार उतरंल. तू महिनाभर बैठकीचं नाव काढू नको. बस आता पाय पसरून."

उरूस गेला तर गेला. बानं वाटी उचलली, मी डोळे मिटले.

"जब्बार, तू चोळ याला," बा म्हणला. "हा माझ्या हातासाठी गुडघा सुजवून आलाय. आज मी हात लावला, तर उद्या दुसरा घिऊन येईल."

अन् काठी टेकत निघून बी गेला.

जब्बार बसला. सूज सोडून वर मांडीवर त्यानं तेल घातलं. त्याचा अंगठा न विचारता बरोबर दुखऱ्या शिरेवर गेला, थांबला, मग हळूहळू खाली उतरला.

"पुंजारामभाऊ, वस्ताद असंच करतेत," तो म्हणला. "खांदा चोळून घेता घेता शिकलो."

कळ उतरत चालली. माझ्या बापाचा हात कसा लागतो ते मला ह्या करमाडच्या गड्याकडून कळत होतं. वाटलं, द्यावी एक थोबाडीत.

"जरा खाली दाब," मी म्हणलो.