वेलीच्या कांद्याला पाणी

माझ्या लेकाने, विजयसिंहाने आणलेला तो कांदा मला पहिल्या दिवसापासून पसंत नव्हता. राजारामपुरीतल्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत त्याने तो कुंडीत नुसता मातीवर बसवला होता. मुठीएवढा, हिरवट, उघडाच. शेंड्यातून दोऱ्यासारखी वेल निघून तारेवर चढे. पान म्हणाल तर औषधालाही नसे. मी साठ वर्षे ऊस आणि हळद पिकवली आहे. कंद उघडा ठेवणाऱ्यास मी अडाणीच समजते.

"आईसाहेब, ही आफ्रिकेची वेल. तुमच्या उसाचं कायदं हिला लागू न्हाईत," तो हसून म्हणे.

गेल्या श्रावणात मूत्रपिंडाच्या आजाराने तो गेला. वेल त्याची पत्नी क्रांती सांभाळू लागली. चैत्रात वेल पिवळी पडू लागली आणि त्याच आठवड्यात क्रांती काजूच्या हंगामासाठी चंदगडला माहेरी निघाली. जाताना तिने मला बजावले. मला बजावणारी या घरात ती पहिलीच.

"वेल वाळंल, आईसाहेब. वाळू दे. कांदा झोपतोय. नवा कोंब येईपर्यंत थेंबभरही पाणी नको."

"मला शेती शिकवतेस?"

"शेती न्हाई ओ. हा एवढा एक कांदा."

पंधरा दिवसांत वेलीची काडी झाली. कांद्याची साल कागदासारखी सुटू लागली.

"आता थालीपिठात घाला की ह्यो!" कामाला येणारी मोना म्हणाली. मी तिला गप्प केले.

परंतु दुपारी त्या कुंडीसमोर बसले की मला दवाखान्यातली खोली दिसे. डॉक्टरांनी दिवसभराच्या पाण्याचे माप ठरवून दिले होते. माप संपल्यावर विजयसिंहाने माझा पदर धरला. "आईसाहेब, घोटभर." मी शिस्तीची बाई. दिले नाही. दुसऱ्या दिवशी तो गेला. मग तुळशीपत्राने त्याच्या तोंडात पाणी घातले, ते उशीवर ओघळले.

मी कांद्याला पाणी दिले. उसाला लावतात तशी मातीची भर लावून तो झाकला आणि रोज सकाळी तांब्याभर पाणी ओतले.

"वैनी नको म्हणल्यात की," मोना पुटपुटली.

"या घरात वैनी आधी आली की मी?"

क्रांती परतली ती पिशवी हातात घेऊनच गॅलरीत गेली. तिने माती उकरली. बोटे कांद्यात रुतली, कुजका वास सुटला. तिने एकेक पाकळी सोडवून पाहिली. एकही टणक निघाली नाही.

"कुणी घातलं पाणी?"

मोनाने माझ्याकडे पाहिले. तिचे नाव सांगणे फार सोपे होते.

"मी," मी म्हणाले. "त्याला दिलं नव्हतं, म्हणून."

 चिखलाचे हात तसेच मांडीवर ठेवून क्रांतीने मान खाली घातली.

"दवाखान्यात त्या संध्याकाळी तुम्ही चहाला खाली गेलता. तवा मी दिलं त्यांना. दोन चमचे. तुम्हाला सांगायचं धाडस झालं न्हाई."

"प्यायला तो?"

"व्हय. आणखी मागितलं."

"मग दिलंस?"

"न्हाई," ती म्हणाली. "तुम्ही जिन्यातून येताना दिसलासा."