देवाला चालतं, भुलीच्या मशीनला नाही

मी भुलीची मशीन बोलतेय. ऑपरेशनच्या खोलीत टेबलाच्या डोक्याशी उभी असते, ती. तुम्ही मला पाहिलं असेल, पण आठवत नसेल. मला पाहिलं की तुम्ही झोपता आणि उठल्यावर सर्जनच्या पाया पडता.

आमचं बुऱ्हाणपूर अर्धं मराठी, अर्धं हिंदी. कुणा हिंदीवाल्याला सांगितलं, “आता भूल देणार,” की तो घाबरतो. “कैसी भूल? किसकी भूल?” त्यांच्यात भूल म्हणजे चूक. असं नाव घेऊन मी जन्मभर मान ताठ ठेवली आहे.

कारखान्यातून निघाले तेव्हा माझं अंग चकचकीत होतं. लोखंडी चौकट, चार चाकं, काचेच्या नळ्या, बाजूला सिलिंडर आणि एक काळी रबरी पिशवी. ती पिशवी म्हणजे माझा जीव. माणूस झोपला की त्याचा श्वास तिच्यात येतो. ती फुगते, बसते, फुगते. ती थांबली तर बाकी सगळं थांबलं.

सिंधीपुऱ्याच्या गल्लीत टेम्पो शिरेना, म्हणून मला हातगाडीवर घालून दवाखान्यात आणलं. पावरलूमवरचा एक जण दारात उभा होता. म्हणाला, “काय रे, सोडावाटरची गाडी आली का?” पुढं त्याचाच हर्निया निघाला. गपचूप झोपवलं त्याला.

दवाखाना सर्जन धर्मेंद्र सरांचा. हात चांगला, खोटं कशाला बोलू. पण घाई फार. आणि मला चालवणारी ज्योत्स्ना मॅडम. शाहपूरच्या केळीवाल्याची पोर. एम.बी.बी.एस. झाली, वर भुलीचं शिक्षण घेतलं. तरी लग्नात मावशी भेटली की विचारणार, “एवढं शिकून झोपवायचंच काम? कापायचं नाही शिकवलं का तुले?” मॅडम हे सुनंदा सिस्टरला हसत हसत सांगायची. मला नाही हसू यायचं. झोपवणं कुणीही करेल हो. झोपलेल्या माणसाला जिवंत ठेवणं आणि परत उठवणं, हे काम आहे तिचं. सर्जन पोटात बघतो. ती अख्ख्या माणसाकडे बघते.

एके दिवशी खकनारकडची विमल आली. पित्ताच्या पिशवीत खडे, दुर्बिणीचं ऑपरेशन. लहान दोन लेकरं घरी. आदल्या दिवशी सुनंदानं सासूला, मथुराबाईला, बजावलं होतं, “उद्या सकाळी उपास ठेवजा हिचा.” मथुराबाईनं मान हलवली.

सकाळी विमल टेबलावर. सर हातमोजे घालून तयार. मॅडमनं नाकातोंडावर लावायचा माझा मुखवटा हातात घेतला आणि विचारलं, “विमलताई, काही खाल्लं नाही ना?”

“नाही मॅडम. उपास आहे.”

“झालं,” सर म्हणाले. “चला, सुरू करा.”

मॅडमचा हात तिथंच थांबला. दुसरीकडून आलेला डॉक्टर पुढं गेला असता. ही इथली. तिनं विचारलं, “उपास धरला, का उपाशी आहेस?”

“धरला ना. सासूबाईंनी धरायला लावला.”

“मग फराळाला काय केलं?”

विमल खूश झाली. कुणीतरी जेवणाची चौकशी केली. “साबुदाण्याची खिचडी. अन् वरून केळी, आमच्याच मळ्यातली. सासूबाई म्हणे, ताकद राहील.”

सुनंदानं कपाळाला हात लावला.

मॅडमनं मुखवटा खाली ठेवला. “आज होणार नाही.”

“अरे मॅडम, केळ्यानं काय होतं?” सर म्हणाले. “श्वासाची नळी टाकणारच आहोत ना आपण.”

“नळी टाकायच्या आधीच पोटातलं वर आलं तर? शुद्ध नसते, खोकता येत नाही. सगळं फुप्फुसात जाईल. जीव जाईल तिचा.”

“बाहेर लाईन लागली आहे. एका खिचडीसाठी दिवस घालवू?”

“इमर्जन्सी असती तर वेगळा विचार केला असता. खडे उद्याही तिथंच आहेत.”

सरांचा चेहरा लाल झाला. “मग मी दुसरा भूलवाला बोलावतो. आजही आणि पुढंही.”

“बोलवा. पण तो येईपर्यंत हिला इथं कुणी हात लावायचा नाही. मी हिच्या डोक्याशी उभी आहे.”

आणि उभी राहिली. मी तिच्या बाजूला. आम्ही दोघी.

दुसऱ्या भूलवाल्यानंही फोनवर खिचडीचं ऐकलं आणि नाही म्हटलं. तेव्हा कुठं विमलला बाहेर नेलं. दारात मथुराबाई कडाडली, “काय वं मॅडम, माह्या सुनेले उपाशी मारता का? केळं म्हणजे काय जेवण झालं? एकादसले सारी दुनिया खाते! देवाले चालतं!”

“मावशी, देवाला चालतं. माझ्या मशीनला नाही चालत.”

विमलचा नवरा निलेश खाली बघून हसला. मथुराबाईनं त्यालाही झापलं.

मग मॅडम सुनंदाकडे वळली. “आजपासून उपास हा शब्द ह्या दवाखान्यात बंद. तोंडात काही घालायचं नाही, असं सांगायचं. चहा नाही, केळं नाही, परसाद नाही.”

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. माझी पिशवी शेवटपर्यंत शांत फुगत राहिली. विमल उठली, लेकरांची नावं घेतली. मथुराबाईनं पेढे आणले. सरांना दिले, सुनंदाला दिले. मॅडमच्या समोरून डबा तसाच पुढं गेला. विमल मेली नाही, म्हणून ती मेली असती हे कुणाला दिसलं नाही. जे घडलंच नाही, त्याचे पेढे कोण वाटणार?

सरांनी शब्द पाळला. मॅडमला बोलावणं बंद. नवीन माणूस यायचा, “खाया क्या?” विचारायचा आणि उत्तर यायच्या आधी मुखवटा लावायचा. मी दर वेळी जीव मुठीत धरून पिशवी फुगवायची. लोखंडाची असले तरी मलाही भीती वाटते.

मग सरांच्या आईलाच ऑपरेशन लागलं. म्हातारी, त्यात दम्याची. कापायला इंदूरहून मित्र येणार होता, ती चिंता नव्हती. सर माझ्यासमोर उभे राहिले, माझ्या पिशवीकडे बघत राहिले आणि त्यांनी फोन लावला. “मॅडम, आईला भूल तुम्हीच द्या.”

मॅडम आली. आधी माझे सिलिंडर तपासले, मग सरांकडे वळली. “देईन. पण मी थांबा म्हटलं की थांबायचं. तुमच्या आईच्या वेळी तर थांबालच. खकनारहून येणाऱ्या बाईच्या वेळीही थांबायचं. कबूल असेल तर आईला आत आणा.”

सर पाय बदलत उभे राहिले. “कबूल,” म्हणाले. आवाज बारीक होता. मी ऐकला.

म्हातारी नीट शुद्धीवर आली. त्या दिवसापासून मॅडम परत माझ्याजवळ आहे. माझं एक चाक गंजलंय, रंग उडालाय. नवी मशीन येईल म्हणतात, येऊ दे. मी रडणार नाही. पण जाण्याआधी तुम्हाला सुनावते. ऑपरेशनला याल तेव्हा विचारा, भूल कोण देणार? नाव विचारा. तिला खरं सांगा, काय खाल्लं, काय प्यायलं, तंबाखूसुद्धा. घरातली पोर म्हणाली, मला भुलीची डॉक्टर व्हायचंय, तर तोंड वाकडं करू नका.

सुरी सर्जनच्या हातात राहू द्या, आम्हाला नकोच ती. पण “चला” म्हणायचं का “थांबा”, ते टेबलाच्या डोक्याशी ठरतं. आणि तिथं आम्ही उभ्या आहोत.